नाव पटले, पैसा कुणाचा ते विचारलेच नाही: विल्यम हिल प्रकरणाचा अभ्यास

ब्रिटनमध्ये जुगाराच्या परवान्यांवर देखरेख ठेवणाऱ्या गॅम्बलिंग कमिशनने २० फेब्रुवारी २०१८ रोजी विल्यम हिल या कंपनीच्या ऑनलाइन व्यवसायाविरुद्धचा निर्णय जाहीर केला. १९३४ मध्ये सुरू झालेली ही कंपनी तिथल्या बाजारपेठांतील सट्ट्याच्या दुकानांमुळे सर्वपरिचित आहे. मात्र हे प्रकरण दुकानांचे नव्हते, तर जिब्राल्टरमधून चालवल्या जाणाऱ्या डब्ल्यूएचजी इंटरनॅशनल या ऑनलाइन कंपनीचे होते. नोव्हेंबर २०१४ ते ऑगस्ट २०१६ या काळात कंपनीने मनी लाँडरिंग प्रतिबंधाचे आणि सामाजिक जबाबदारीचे, म्हणजे ग्राहकांना जुगाराच्या नुकसानीपासून जपण्याचे, असे दोन्ही प्रकारचे नियम मोडले, दहा ग्राहकांना गुन्ह्याशी निगडित मोठ्या रकमा खात्यांत भरू दिल्या आणि त्यातून कंपनीने सुमारे १२ लाख पौंड कमावले, असा कमिशनचा निष्कर्ष होता. ५० लाख पौंडांहून अधिक दंड आणि या १२ लाखांवर पाणी सोडणे, असा मिळून किमान ६२ लाख पौंडांचा भुर्दंड कंपनीवर पडला.

ऑनलाइन जुगारातील ग्राहकपडताळणीचा विषय निघाला की चर्चा बहुधा बनावट आधार किंवा पासपोर्ट, चेहऱ्याचा फोटो, वय लपवणारी मुले यांच्याभोवती फिरते. या प्रकरणात ठपका ओळखीबद्दलचा नव्हता. समोरचा माणूस कोण आहे, कुठे राहतो, हे कंपनीला कळण्याची सोय होती. तो भरत असलेला पैसा त्याच्याकडे आला कुठून, हे मात्र तिने पुरेसे विचारले नाही, आणि जिथे विचारले तिथे मिळालेले उत्तर पडताळून पाहिले नाही. पडताळणीची अख्खी यंत्रणा उभी असताना एवढा एक प्रश्न कसा गळून पडतो, हे दाखवणारे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल, म्हणून ते तपशिलात पाहण्याजोगे आहे.

आधी कायद्याची चौकट. २००५ च्या जुगार कायद्याने परवानाधारकांपुढे तीन उद्दिष्टे ठेवली आहेत: जुगार हा गुन्हेगारीचा स्रोत किंवा आधार होऊ नये, खेळ निष्पक्ष आणि उघडपणे चालावा, आणि लहान मुलांचे व दुर्बळ स्थितीतील व्यक्तींचे शोषण होऊ नये. परंतु जिब्राल्टर किंवा माल्टा येथे कार्यालय थाटून ब्रिटिश ग्राहकांशी धंदा करणाऱ्या कंपन्यांना सुरुवातीची काही वर्षे ब्रिटिश परवान्याची गरजच नव्हती. १ नोव्हेंबर २०१४ पासून ही पळवाट बंद झाली आणि ग्राहक ब्रिटनमध्ये असेल तर कंपनी कुठेही बसलेली असो, परवाना ब्रिटिशच हवा, असा नियम लागू झाला. निर्णयातील कालखंडाची सुरुवातही त्याच महिन्यापासून होते. याखेरीज मनी लाँडरिंगविषयक नियमावली होती, आधी २००७ ची आणि २६ जून २०१७ पासून नवी. ही नियमावली प्रत्यक्षातील आणि ऑनलाइन अशा दोन्ही कॅसिनोंना लागू आहे. घोड्यांच्या शर्यतींवर वा फुटबॉलवर सट्टा घेणाऱ्यांना मात्र ब्रिटिश सरकारने तिच्या कक्षेबाहेर ठेवले. त्यामुळे सट्टा घेणारे मोकळे सुटतात असे नाही, कारण गुन्ह्यातून मिळालेल्या मालमत्तेविषयीचा २००२ चा कायदा सर्वांनाच बांधील धरतो आणि परवान्याच्या अटीही त्यावर आहेतच.

या २००२ च्या कायद्याकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे, कारण प्रकरणाची खरी मेख तिथे आहे. मनी लाँडरिंग म्हटले की सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे हवाला, कागदी कंपन्या, एका देशातून दुसऱ्या देशात फिरवलेला पैसा असे काही येते. काळा पैसा खात्यात भरायचा, नावाला थोडा खेळ करायचा आणि उरलेली रक्कम जिंकलेली म्हणून बाहेर काढायची, हा प्रकार ऑनलाइन जुगारात होतोही. पण ज्या कार्डावरून पैसा आला त्याच कार्डावर तो परत करायचा, या प्रथेमुळे तो बराच अवघड झाला आहे. ब्रिटिश कायद्याने गुन्ह्याची व्याख्या याहून कितीतरी रुंद केली आहे. गुन्ह्यातून मिळालेला पैसा लपवणे जसे गुन्हा, तसेच तो बाळगणे आणि वापरणे हाही गुन्हाच. चोरलेल्या पैशाने कोणी निव्वळ हौसेखातर रुलेट खेळला, सगळा हरला आणि एक पैसाही पांढरा झाला नाही, तरी ते मनी लाँडरिंगच ठरते. आणि तो पैसा चोरीचा असल्याचा संशय येऊनही खेळवणाऱ्याने खेळवत ठेवले, तर तोही अडकतो. कमिशनच्या मार्गदर्शक सूचनांत हे दोन प्रकार वेगवेगळे सांगितलेले आहेत, आणि प्रत्यक्ष प्रकरणे पाहिली तर दुसरा प्रकारच जास्त आढळतो. आपल्याकडच्या सराफाला यात नवल वाटणार नाही. ज्याची मिळकत ठाऊक आहे असा माणूस दर आठवड्याला नव्या पाटल्या मोडायला आणू लागला, तर सराफ त्याचे ओळखपत्र तपासत बसत नाही. पाटल्या कुणाच्या, हे विचारतो.

पडताळणीचे रोजचे काम कसे चालते तेही सांगितले पाहिजे. ग्राहकाने भरलेले नाव, पत्ता आणि जन्मतारीख मतदारयादीशी व पतमाहिती संस्थांच्या नोंदींशी ताडून पाहिली जाते. बहुतेक ब्रिटिश ग्राहकांबाबत हे काही सेकंदांत, कोणतेही कागद न मागता उरकते. जुळणी झाली नाही तरच पासपोर्ट, वाहन परवाना किंवा विजेचे बिल मागतात. निर्बंध लादलेल्या व्यक्तींच्या आणि राजकीय पदावरील व्यक्तींच्या याद्यांतही नाव शोधले जाते. त्या काळी वयाची खातरजमा करायला ७२ तासांची मुभा होती, म्हणजे ग्राहक तोवर खेळू शकत असे. ७ मे २०१९ पासून ही मुभा गेली आणि नाव, पत्ता व जन्मतारीख पटल्याशिवाय पहिला डावही खेळू देता येत नाही. त्याच बदलाबरोबर आणखी एक नियम आला, आणि तो या धंद्याच्या मनोवृत्तीवर चांगलाच प्रकाश टाकतो: जी माहिती आधीच मागता आली असती, ती जिंकलेले पैसे काढण्याच्या वेळी अडवणूक करण्यासाठी मागायची नाही. पैसे घेताना घाई आणि देताना कागदपत्रांचा आग्रह, अशा तक्रारी ग्राहकांकडून आल्या होत्या, त्यामुळे हा नियम करावा लागला.

ओळख पटल्यानंतरचे काम वेगळे आणि जास्त कष्टाचे असते. ठरावीक मुदतीत ठरावीक रकमेहून अधिक भरणा झाला की यंत्रणा इशारा देते, तो इशारा रांगेत लागतो आणि कोणीतरी कर्मचारी ते खाते उघडून बसतो. त्याने पाहायचे असते ते साधेच. हा माणूस नोकरी काय करतो, घर स्वतःचे आहे की भाड्याचे, वेतनचिठ्ठीवर किती रक्कम आहे, आणि बँकेच्या खातेउताऱ्यात पगार जमा होतो त्याच खात्यातून जुगाराचा पैसा जातो की भलत्याच खात्यातून. घराच्या मालकीची नोंद इंग्लंडमध्ये थोडे शुल्क भरून कोणालाही पाहता येते. पगाराचा उतारा मागितला की ग्राहक चिडतो, कधी कधी खाते बंद करून शेजारच्या संकेतस्थळावर जातो. कर्मचाऱ्यालाही हे माहीत असते आणि त्याच्या वरिष्ठालाही. संशय बळावला तर कंपनीच्या नियुक्त अधिकाऱ्याने नॅशनल क्राइम एजन्सी या ब्रिटनच्या गुन्हे तपास यंत्रणेला अहवाल पाठवायचा आणि त्याची कुणकुण ग्राहकाला लागू द्यायची नाही. संशयासाठी पुरावा लागत नाही, हे अनेकांना पटवून द्यावे लागते. काही जुळत नाही, एवढे कारण पुरते.

आता निर्णयातील ग्राहकांकडे वळू. पहिल्याने नऊ महिन्यांत ६ लाख ५४ हजार पौंड भरले. त्या काळच्या दराने ही रक्कम सहा कोटी रुपयांच्या घरात जाते. निधीच्या स्रोताची कोणतीही तपासणी झाली नाही. हा ग्राहक भाड्याच्या घरात राहत होता, एका कंपनीच्या लेखा विभागात कामाला होता आणि त्याचा पगार वर्षाला सुमारे ३० हजार पौंड होता.

यातील प्रत्येक तपशील बोलका आहे. महिन्याचा सरासरी भरणा ७२ हजार पौंडांच्या वर जातो, आणि महिन्याचा पगार कर कापण्याआधी अडीच हजार. म्हणजे एका महिन्यात हा माणूस आपल्या जवळपास अडीच वर्षांच्या पगाराएवढी रक्कम भरत होता. येथे एक खुलासा आवश्यक आहे, कारण या क्षेत्रातील आकडे वाचताना त्यावाचून चूक होते: भरणा म्हणजे तोटा नव्हे. जिंकलेले पैसे काढून तेच पुन्हा भरले तरी भरण्याचा आकडा वाढत राहतो. निर्णयात भरण्याचे जे तीन मोठे आकडे आले आहेत त्यांची बेरीजच १८ लाख ४८ हजार पौंड होते, तर दहाही ग्राहकांपासून कंपनीला झालेली कमाई सुमारे १२ लाख पौंड सांगितली आहे. तरीही इतके फिरवायला मुळात काही भांडवल लागते, आणि भाड्याच्या घरातील तीस हजारी पगारात ते कुठून आले, हा प्रश्न नऊ महिने उभाच राहिला. त्यात लेखा विभाग. ज्याच्या हातून दुसऱ्यांचा पैसा रोज सरकतो अशा नोकरीतील माणूस, भाड्याचे घर आणि पगाराशी मेळ न खाणारा भरणा, या तीन गोष्टी एका कागदावर आल्या असत्या तर अपहाराची शंका कोणत्याही जुन्या हिशेबनीसाला आली असती. त्या एका कागदावर कधी आल्याच नाहीत.

दुसऱ्या ग्राहकाचे प्रकरण मला अधिक महत्त्वाचे वाटते, कारण तिथे प्रश्न विचारला गेला होता. त्याने चौदा महिन्यांत ५ लाख ४१ हजार पौंड भरले. कंपनीने त्याच्याशी तोंडी बोलून असे गृहीत धरले की त्याचे संभाव्य उत्पन्न वर्षाला ३ लाख ६५ हजार पौंड असू शकेल, आणि त्यापुढे काही खोदले नाही. वास्तवात त्याचे उत्पन्न ३० हजारांच्या आसपास होते आणि जुगाराचा पैसा तो आपल्या मालकाकडून चोरत होता.

३ लाख ६५ हजार म्हणजे दिवसाला बरोबर एक हजार पौंड. कोणाचेही उत्पन्न इतके गोल निघाले तर लेखापाल चष्मा कपाळावर सारून पुन्हा एकदा पाहतो. पण हा आकडा खरा मानून चालले तरी हिशेब जमत नाही. या दराने चौदा महिन्यांचे उत्पन्न कराआधी ४ लाख २६ हजार पौंडांहून थोडे कमीच भरते. भरणा आहे ५ लाख ४१ हजार. म्हणजे ग्राहकाचे म्हणणे शब्दशः स्वीकारूनही, त्याने कर एक पैशाचा भरला नाही आणि जेवणखाणावर काही खर्च केला नाही असे मानूनही, लाखाहून अधिक पौंडांचा खुलासा होत नाही. काही रक्कम जिंकून परत भरलेली असेल, हे मान्य. पण मग तेच तपासून फाईलवर लिहायचे होते. नोंदवहीत उत्पन्नाचा रकाना भरला गेला, इशाऱ्यापुढे बरोबरची खूण झाली आणि हा आकडा शेजारच्या आकड्याशी ताडून पाहण्याची गरज कुणालाच भासली नाही. तपासणी न करणे आणि तपासणीचा देखावा करणे यांत दुसरा प्रकार अधिक घातक असतो, कारण त्यानंतर त्या खात्याकडे पुन्हा कोणी पाहत नाही.

तिसरा ग्राहक अठरा महिन्यांत ६ लाख ५३ हजार पौंड भरतो. त्याच्याबाबतीत यंत्रणेने इशारा दिला होता. खात्याला अंबर, म्हणजे पिवळ्या दिव्याची जोखीमश्रेणी मिळाली होती, आणि कंपनीच्या स्वतःच्या धोरणानुसार अशा ग्राहकाची फेरतपासणी बंधनकारक होती. फाईलवर ती व्यवस्थापकांकडे पुनर्विलोकनासाठी पाठवल्याची नोंद झाली. प्रत्यक्षात यंत्रणेतील बिघाडामुळे पुनर्विलोकन झालेच नाही. ग्राहक पुढचे सहा महिने खेळत राहिला आणि त्या सहा महिन्यांतही इशारे येतच राहिले.

सरकारी कचेरीत काम केलेल्या कोणालाही ही फाईल ओळखीची वाटेल. ‘पुढे पाठवली’ असा शेरा पडला की पाठवणाऱ्याची जबाबदारी संपते, आणि जिच्यापर्यंत ती पोहोचायची त्या व्यक्तीला ती यायची होती हेच ठाऊक नसते. बिघाड तांत्रिक होता, हे मान्य केले तरी सहा महिन्यांच्या मौनाचा खुलासा त्यातून होत नाही. खरा प्रश्न असा की पिवळा दिवा लागल्यावर खाते चालू का राहिले? पुनर्विलोकन होईपर्यंत भरणा थांबेल अशी व्यवस्था असती, तर फाईल हरवल्याचे दुसऱ्याच दिवशी उघडकीस आले असते, कारण ग्राहकानेच दूरध्वनी करून आरडाओरडा केला असता. खेळ चालू असल्यामुळे कुणाचेच अडले नाही, आणि ज्याचे कुणाचे अडत नाही ते काम राहून जाते.

सामाजिक जबाबदारीच्या भागातील उदाहरणेही त्याच जातीची आहेत. एका ग्राहकाचा खर्च वाढत वाढत भरणा एक लाख पौंडांच्या पुढे गेला, तेव्हा कंपनीने त्याला विचारले की या पातळीच्या खर्चाबाबत तुम्ही निश्चिंत आहात ना. त्याने तोंडी होकार दिला आणि प्रकरण मिटले. आणखी एकाचे वागणे नेहमीच्या चालीबाहेर गेल्याचे यंत्रणेने टिपले, त्यावर दहा महिन्यांत दोन स्वयंचलित ईमेल गेले. व्यसनाच्या विळख्यात सापडलेल्या माणसाला ‘ठीक आहे ना’ असे विचारून मिळणारे उत्तर कितपत विश्वासार्ह असते, याविषयी लिहिण्यासारखे फारसे काही नाही. लक्षात घ्यायचे ते एवढेच की व्यसन आणि अपहार हे कंपन्यांच्या तक्त्यात दोन वेगवेगळ्या विभागांचे विषय असतात. एक ग्राहकसंरक्षणाकडे, दुसरा गुन्हेप्रतिबंधाकडे. प्रत्यक्षात तो पुष्कळदा एकच माणूस असतो. पगार संपतो, बचत संपते, कर्ज मिळेनासे होते, आणि मग तो ज्या तिजोरीच्या किल्ल्या त्याच्याकडे विश्वासाने सोपवलेल्या असतात तिच्याकडे वळतो. पहिल्या विभागाने वेळीच लक्ष घातले असते तर दुसऱ्याचे काम पुष्कळ हलके झाले असते.

कमिशनने बोट ठेवले ते कारकुनांवर नव्हे, वरिष्ठ व्यवस्थापनावर. जोखीम कमी करण्यात वरिष्ठ अपयशी ठरले आणि ही कामे परिणामकारक व्हावीत इतके कर्मचारीच नेमले गेले नाहीत, असे निर्णयात म्हटले आहे. हा मुद्दा वरवर प्रशासकीय दिसतो, पण सगळ्या प्रकरणाचा पाया तोच आहे. इशारे किती द्यायचे हे संगणक ठरवतो आणि ते उघडून पाहायला माणसे किती हे संचालक मंडळ ठरवते. मुंबई-पुण्यात परदेशी बँकांसाठी केवायसीच्या आणि संशयास्पद व्यवहारांच्या रांगा उपसणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको: रांग लांबली की प्रत्येक फाईलला मिळणारी मिनिटे घटतात, आणि मिनिटे घटली की ग्राहकाने फोनवर सांगितलेला आकडा लिहून घेणे हाच सर्वांत स्वस्त मार्ग उरतो.

शिक्षेचे मोजमाप करायचे तर कंपनीचा वर्षाचा महसूल तेव्हा दीड अब्ज पौंडांहून अधिक होता. म्हणजे ६२ लाख पौंड हा जेमतेम दीड दिवसाचा महसूल. निर्णयाचे दोन भाग मात्र रकमेपेक्षा मोलाचे होते. दहा ग्राहकांनी ज्यांचे पैसे चोरले ते लोक सापडतील तसतशी त्यांची भरपाई कंपनीने करायची, आणि या प्रकरणाशी संबंधित आणखी चुका पुढे उघड झाल्या तर त्यांतून मिळालेली कमाईही सोडायची. याशिवाय आपल्या धोरणांची परिणामकारकता बाहेरच्या लेखापरीक्षकांकडून तपासून घेण्याचे बंधन आले. चोरीच्या पैशावर झालेला नफा हा नफाच नव्हे, हे तत्त्व यातून रुजले. मार्च २०२० मध्ये बेटवे या कंपनीला १ कोटी १६ लाख पौंड मोजावे लागले, तेव्हा त्यातील ५८ लाख हे चोरीचे पैसे म्हणून मूळ मालकांना परत करायचे होते. तिथे एका बड्या ग्राहकाने चार वर्षांत ८० लाखांहून अधिक पौंड भरले होते आणि ४० लाखांहून अधिक हरले होते, स्रोताची परिणामकारक तपासणी न होता.

विल्यम हिलमध्ये मात्र पाच वर्षांनी तेच पुन्हा घडल्याचे दिसले. २८ मार्च २०२३ रोजी कमिशनने विल्यम हिल समूहातील तीन कंपन्यांकडून मिळून १ कोटी ९२ लाख पौंड घेण्याचा समझोता जाहीर केला. त्यात ऑनलाइन कंपनीचा वाटा १ कोटी २५ लाखांचा, मिस्टर ग्रीन या संकेतस्थळाचा ३७ लाखांचा आणि १,३४४ दुकाने चालवणाऱ्या कंपनीचा ३० लाखांचा होता. तोवरच्या कमिशनच्या इतिहासातील ही सर्वांत मोठी रक्कम. चुका इतक्या व्यापक आणि धक्कादायक होत्या की परवाना निलंबित करण्याचाही गंभीरपणे विचार झाला, असे मुख्य अधिकारी अँड्र्यू ऱ्होड्स यांनी सांगितले. कंपनीने चुका ताबडतोब मान्य करून सुधारणा सुरू केल्यामुळे तो टळला. जुलै २०२२ मध्ये या कंपनीचा अमेरिकेबाहेरील व्यवसाय ८८८ या समूहाने विकत घेतला होता आणि या चुका खरेदीआधीच्या होत्या, असे नव्या मालकांचे म्हणणे होते.

२०२३ चे तपशील पाहिले तर वेग वाढला आहे, दोष जागच्या जागी आहे. एका ग्राहकाने नवे खाते उघडून वीस मिनिटांत २३ हजार पौंड घालवले, कोणतीही तपासणी न होता. एक जण एका महिन्यात ७० हजार १३४ पौंड हरला, दुसरा पाच आठवड्यांत ३८ हजार, तिसरा चार दिवसांत ३६ हजार. दुसऱ्या एका खात्याची उधारीची मर्यादा ७० हजार असताना एक लाखाचा सट्टा स्वीकारला गेला. मिस्टर ग्रीनवर स्वतःहून स्वतःला बंदी घालून घेतलेले ३३१ ग्राहक त्याच समूहाच्या दुसऱ्या संकेतस्थळावर खेळत होते, म्हणजे एकाच घरातील दोन खोल्या एकमेकींशी बोलत नव्हत्या. कर्मचाऱ्यांना दिलेल्या प्रशिक्षणात जोखीम कशी हाताळायची याची माहिती अपुरी होती. आणि ग्राहकाची जोखीम ठरेपर्यंत त्याचा पुढचा खर्च रोखणारी सक्तीची अडवणूक धोरणात नव्हती, हा शेरा तर तिसऱ्या ग्राहकाच्या पिवळ्या दिव्याच्या फाईलवर २०१८ मध्येच लिहिता आला असता. माझ्या मते दोन्ही निर्णयांचे सार याच शेऱ्यात आहे. खेळ न थांबवणारा इशारा हा नियंत्रणाचा भाग नसून नोंदीचा भाग आहे. तो नंतर चौकशी करणाऱ्यांच्या उपयोगी पडतो, ज्याचा पैसा चोरीला जातो आहे त्याच्या नाही.

भारतातील परिस्थितीशी तुलना करताना सावध राहिले पाहिजे, कारण आपल्याकडे छिद्र दुसऱ्याच ठिकाणी आहे. तिकडे नाव खरे आणि पैसा परका; इकडे नावच परके. काही हजार रुपयांसाठी आपले बँक खाते, डेबिट कार्ड आणि सिमकार्ड दुसऱ्याच्या हवाली करणारे लोक मिळतात आणि केवायसी पूर्ण झालेले खाते भाड्याने फिरते. महादेव या सट्टेबाजीच्या ॲपच्या प्रकरणात सक्तवसुली संचालनालयाने बेनामी बँक खात्यांच्या जाळ्याचाच आरोप ठेवला. गोव्यातील मांडवीवरच्या कॅसिनोंना मनी लाँडरिंग प्रतिबंध कायद्याने २००९ च्या दुरुस्तीनंतर ग्राहकांच्या नोंदी ठेवण्याचे आणि माहिती देण्याचे बंधन आले. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर मात्र ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने सरसकट बंदीच घातली. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि त्यासाठीचे पैसे वळते करण्यास बँकांनाही मनाई आहे. बंदी योग्य की अयोग्य हा येथील विषय नाही. पण बंदी आल्यावर निधीचा स्रोत विचारणारा परवानाधारक उरत नाही, आणि जो विदेशी बेकायदा धंदेवाला उरतो त्याला तो विचारायचा नसतो. त्यामुळे हा सगळा प्रश्न बँकेच्या दारात येऊन उभा राहतो, जिथे भाड्याचे खाते कागदोपत्री निर्दोष दिसते.

ब्रिटनमध्ये दरम्यान आणखी एक टप्पा आला आहे. ३० ऑगस्ट २०२४ पासून एखाद्या ग्राहकाचा निव्वळ भरणा तीस दिवसांत ५०० पौंडांच्या वर गेला की त्याच्या आर्थिक दुर्बलतेची तपासणी करणे बंधनकारक झाले, आणि २८ फेब्रुवारी २०२५ पासून ही मर्यादा १५० पौंडांवर आली. ‘पगार दाखवा’ म्हटले की ग्राहक बिथरतात, म्हणून ही तपासणी मुद्दाम हलकी ठेवली आहे: दिवाळखोरी, न्यायालयाने थकबाकीबद्दल दिलेले निवाडे अशा सार्वजनिक नोंदीच तिच्यात पाहिल्या जातात, वेतनचिठ्ठी मागितली जात नाही. कर्जबाजारी माणूस तिच्यात सापडेल. ज्याची कोणतीही थकबाकी नाही, हप्ते वेळेवर जातात आणि जो मालकाच्या खात्यातून दर महिन्याला थोडे थोडे उचलून ते भागवतो, तो लेखा विभागातला कर्मचारी या चाळणीतून स्वच्छ बाहेर पडेल. त्याच्याबाबतचा प्रश्न आजही मनी लाँडरिंग प्रतिबंधाच्या टेबलावरच आहे, वेतनचिठ्ठी आणि खातेउतारा शेजारी ठेवून ज्याने पाहायचे त्याच्याकडे.